मदत हवी आहे : जेवणानंतरची साखर ठीक, उपाशीपोटीची उतरत नाही

ऐरोलीची_मी

नमस्कार. परवा संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी उत्तर हवंय म्हणून थोडक्यात लिहिते. प्रेग्नन्सीतली साखर निघाली आहे. पथ्य काटेकोर चालू आहे. जेवणानंतर दोन तासांनी 110 ते 118 येते, म्हणजे छानच. उपाशीपोटी मात्र 98, 101, 97, परत 102, हवी 95 च्या आत. डॉक्टर म्हणाल्या, अशीच राहिली तर रात्रीचं इन्सुलिन सुरू करू. मला इन्सुलिन नकोय. उपाशीची साखर खाली आणायला काय खाऊ? अनुभव असलेल्यांनीच सांगा. आणि प्लीज, 'टेन्शन घेऊ नकोस' असं कोणी लिहू नका.

घोडबंदर_एक्सप्रेस

कितवा आठवडा? पहिलटकरीण का? घरात कोणाला मधुमेह? थायरॉईड? काहीच लिहिलं नाहीयेस. कशावर सांगायचं?

सुगरण_नेरुळ

नाचणी! माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी सकाळ-संध्याकाळ दुधातून नाचणीचं सत्त्व घेतलं. कॅल्शियम, लोह सगळं मिळतं. भात पूर्ण बंद कर. बाकी काही लागत नाही.

खारघरचा_वाघ

सोळा तासांचा उपवास करून बघा. संध्याकाळी सातला जेवा, ते थेट दुसऱ्या दिवशी अकराला. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर 7.9 वरून 6.1 वर आली, एकही गोळी न घेता.

सिस्टर_निवृत्त

वाघ, तुम्ही गरोदर होतात का?

मुली, हे अजिबात करू नकोस. पोटुशी बाई जास्त वेळ उपाशी राहिली की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन वाढतात, ते बाळाला बरे नाहीत. माझी सगळी नोकरी प्रसूतिकक्षात गेली आहे, इंटरनेटवर वाचून सांगत नाहीये.

खारघरचा_वाघ

मी फक्त अनुभव सांगितला. आपल्या आज्या एकादश्या करायच्याच की.

घोडबंदर_एक्सप्रेस

आज्या एकादशीला साबुदाणा आणि रताळी खायच्या, काका. धागा आधीच भरकटतोय. ऐरोलीची_मी, माहिती दे गं.

ऐरोलीची_मी

29 वा आठवडा. पहिलंच. आईला मधुमेह आहे. थायरॉईडची 50 ची गोळी चालू आहे, लग्नाआधी पीसीओडी होता. डॉक्टरांना हे सगळं माहीत आहे. माझा प्रश्न फक्त खाण्याचा होता.

वाशीकर_77

साखर निघाली ती कुठल्या टेस्टमध्ये? जेवून गेल्यावर 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून केली असेल तर ती टेस्टच धरायची नसते. बहीण परदेशात आहे, तिकडे उपाशी नेऊन तीनदा रक्त घेतात. इथे लॅबवाले काहीही करतात. परत करून घ्या, कदाचित तुम्हाला काही नसेलच.

सिस्टर_निवृत्त

वाशीकर, आपल्याकडची सरकारी पद्धतच ती आहे. पोट रिकामं असो वा भरलेलं, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, दोन तासांनी एकदा रक्त घ्यायचं, 140 किंवा वर असेल तर गर्भावस्थेतला मधुमेह धरायचा. पहिल्या तपासणीला एकदा आणि मग 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. कारण साधं आहे : लांबून आलेल्या बाईला 'उद्या उपाशी ये' म्हटलं की ती परत येत नाही. तीन वेळा रक्त घेण्याची पद्धतही आहे, खासगीत बरेच जण तीच वापरतात. दोन्ही बरोबर. उगाच तिच्या मनात शंका घालू नका.

ऐरोलीची_मी

माझी दोन तासांची 158 आली होती. टेस्टबद्दल मला शंका नाहीच. उपाशीची कशी उतरवू?

कोपरखैरणे_सेक्टरवाली

मी यातून गेले आहे, म्हणून विचारते. सकाळी किती वाजता मोजतेस? उठल्या उठल्या?

ऐरोलीची_मी

सहाला उठते. डबे, आंघोळ, देवपूजा, सगळं आवरलं की आठ-साडेआठला. तोवर पाण्याशिवाय काही घेत नाही. उपाशीच असते ना?

कोपरखैरणे_सेक्टरवाली

तिथेच थोडी गडबड असू शकते. रात्रभर पोट रिकामं असतं तेव्हा लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडत असतं. पहाटे अंगात जी हॉर्मोन्स वाढतात ती यात भर घालतात, शिवाय गरोदरपणात इन्सुलिनला अंग दाद देत नाही. उठून दोन-अडीच तास कामं केलीस आणि मग मोजलंस तर आकडा चढलेला दिसू शकतो. माझा चढायचा. उठल्यावर तोंड धुवायच्या आधी मोज. आणि म्हणूनच 'काय खाऊ' या प्रश्नाचं उत्तर तुला नीट मिळत नाहीये. जेवणानंतरची साखर ताटावर ठरते, उपाशीची बरीचशी लिव्हरवर. ताट कितीही बदललंस तरी ती मर्यादेतच हलते.

पाचपाखाडी_पार्सल

बोट धुऊन मोजता ना? हल्ली घरोघरी आंबे आहेत. बायको आंबा चिरून नुसता हात पुसून मोजायची, 190 वगैरे. साबणाने धुऊन, कोरडं करून मोजलं तर 112. आम्ही रिक्षा काढायच्या तयारीत होतो. सॅनिटायझरने ती साखर जात नाही. आणि सुई बोटाच्या टोकावर नको, कडेला टोचा, कमी दुखतं.

अवांतर : यंदा एपीएमसीत हापूस काय भावाने आहे कोणी सांगेल का?

घोडबंदर_एक्सप्रेस

मधुमेहाच्या धाग्यावर हापूसचा भाव. धन्य.

सुगरण_नेरुळ

माझ्या नाचणीबद्दल कोणी बोललंच नाही.

आहारवेडी_कळवा

बोलते. नाचणी चांगली, पण सत्त्व नाही. बारीक दळलेलं पीठ शिजवून पातळ केलं की ते झटकन पचतं आणि साखर भरकन चढते. त्याच नाचणीची भाकरी पालेभाजी-उसळीबरोबर खाल्ली तर तेवढी चढत नाही. भाताचंही तसंच, पूर्ण बंद करायची गरज नाही. आधी कोशिंबीर-भाजी, मग डाळ-उसळ, अंडं किंवा मासे, शेवटी मुदीएवढा भात. जेवलं की पंधरा मिनिटं चालायचं. तलावपाळीलाच जायला पाहिजे असं नाही, सोसायटीत जिन्यापासून गेटपर्यंत फेऱ्या मारल्या तरी फरक पडतो. (पदवी आहारशास्त्राची आहे, पण इथे मी तुमची आहारतज्ज्ञ नाही.)

सुगरण_नेरुळ

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दोन्ही मुलं साडेतीन-पावणेचार किलोची झाली, धडधाकट.

सिस्टर_निवृत्त

ताई, राग मानू नका, पण बाळ पावणेचार किलोचं असलं की आम्ही आईची साखर मोजली होती का तेच आधी बघायचो.

आहारवेडी_कळवा

ऐरोलीची_मी, रात्रीचं सगळं लिही. सगळं म्हणजे सगळं, झोपेपर्यंतचं.

ऐरोलीची_मी

साडेसातला जेवण. ज्वारीची दीड भाकरी, पालेभाजी, घट्ट वरण, काकडी. मग पार्किंगमध्ये फेऱ्या. दहाला दूध, झोप.

आहारवेडी_कळवा

नुसतं दूध?

ऐरोलीची_मी

शतावरी कल्प घालून. दोन मोठे चमचे. सासूबाई न चुकता देतात. ते औषध आहे, म्हणून आहाराच्या वहीत लिहीत नाही.

कोपरखैरणे_सेक्टरवाली

अगं!!

पाचपाखाडी_पार्सल

😀

आहारवेडी_कळवा

डबा उलटा करून घटक वाच. कल्प म्हणजे साखरेच्या पाकात शतावरी घोटून केलेले दाणे, वजनाने त्यात साखरच जास्त असते. रात्री दहाला दोन मोठे चमचे म्हणजे झोपायच्या आधी गोड दूधच झालं, आणि दहानंतर तू मोजत नाहीस म्हणून ते कुठल्याच आकड्यात दिसलं नाही. बाजारातल्या 'गरोदर मातांसाठी' पावडरींचंही लेबल वाच. काहींत साखर घातलेली असते.

सुगरण_नेरुळ

आता शतावरीलाही नावं ठेवा. हजारो वर्षांचं औषध आहे. दूध येतं त्याने.

घोडबंदर_एक्सप्रेस

शतावरीला कोणी काही म्हटलेलं नाही हो, बरोबरच्या साखरेला म्हटलंय. आणि दूध यायला अजून अकरा आठवडे आहेत.

ऐरोलीची_मी

आज दिलं तर नाही म्हणायचं कसं ते सांगा. सासूबाई मायेने करतात. बरं, कल्प बंद केला की उपाशीची 95 च्या खाली येईल का? हो की नाही एवढंच.

कोपरखैरणे_सेक्टरवाली

हो-नाही कोणीच सांगू शकत नाही. थोडी उतरेल. दूध साधं घे, सोबत मूठभर शेंगदाणे किंवा चार बदाम. साडेसातपासून सकाळपर्यंत पोट अगदी रिकामं ठेवू नकोस, काही जणींची साखर त्यानेही पहाटे चढते. सासूबाईंना 'डॉक्टरांनी बंद सांगितलंय' म्हण. डॉक्टर असतात कशासाठी.

पण इन्सुलिनला इतकं का घाबरतेस? मी घेतलं आहे.

वाशीकर_77

कारण एकदा सुरू झालं की आयुष्यभर सुटत नाही. माझे सासरे बघा. गोळी मागून घ्या त्यापेक्षा.

सिस्टर_निवृत्त

सासरेबुवांना वार (प्लॅसेंटा) नव्हती, वाशीकर.

नीट लिहिते, म्हणजे परत परत तेच नको. गरोदरपणातली ही साखर मुख्यतः वारेमुळे चढते. वार जी हॉर्मोन्स सोडते ती आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळाला साखर मिळत राहावी. आठवडे जातात तसा हा परिणाम वाढतो, म्हणून 29 ला नीट असलेली साखर 33 ला बिघडू शकते आणि त्यात बाईने काही चुकीचं खाल्लेलं असतंच असं नाही. बाळंत झाली, वार पडली, की बहुतेकींचं इन्सुलिन तिथेच थांबतं. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, अंगाने भरतं, खांदे रुंद होतात, प्रसूतीत अडचण येते. आणि जन्मल्यावर आईकडून येणारी साखर थांबते पण बाळाचं इन्सुलिन तेवढंच राहतं, म्हणून बाळाची साखर घसरते. अशा बाळाची टाच टोचून साखर बघतात ती यासाठी. पहिल्या तासात अंगावर पाजायचा आग्रहही त्यासाठीच.

मेटफॉर्मिनची गोळीही देतात, वाईट नाही. पण ती वार ओलांडून बाळापर्यंत पोचते, इन्सुलिन तसं पोचत नाही. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. उपाशी 95 च्या आत आणि दोन तासांची 120 च्या आत, हे आपलं लक्ष्य. सुई टाळणं हे लक्ष्य नाही.

गडकरी_रंगायतनमागे

घाईत वाचलं. बाळंतपणानंतर पोटपट्टा बांधावा की नाही यावर माझं मत : सिझर झालं असेल तर उठताबसता आधार म्हणून ठीक, पण पोट आत जातं हा भ्रम आहे. माझ्या बायकोचं गेलं नाही.

घोडबंदर_एक्सप्रेस

हे कोणी विचारलं होतं?

मुलुंडपलीकडे

इथेच विचारते, नवीन धागा काढता येत नाहीये. बाळंतपणानंतर चौथा महिना चालू आहे, केस मुठीने गळताहेत. टक्कल पडेल का?

सुगरण_नेरुळ

माक्याचं तेल आणि अळिवाचे लाडू. तुझ्या विपूत (विचारपुशीत) कृती टाकते.

कोपरखैरणे_सेक्टरवाली

मुलुंडपलीकडे, गरोदरपणात गळायचे थांबलेले केस आता एकदम गळतात. बहुतेकींचे वर्षभरात पूर्ववत होतात. तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघून घे. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेत असलीस तर अंतर ठेव, नाहीतर लोह अंगी लागत नाही. आता बास, हा साखरेचा धागा आहे.

ऐरोलीची_मी

जाऊन आले. त्याआधी दोन सकाळी उठल्या उठल्या मोजली, हात धुऊन, कल्पाशिवाय. 97 आणि 96. म्हणजे उतरली, पण 95 च्या खाली नाही. डॉक्टरांनी वही बघितली, मी कल्पाचं सांगितलं, त्या हसल्या नाहीत याबद्दल आभार. आणखी थोडे दिवस बघू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या 29 आठवड्यांनंतर ती वरच जाणार, वाट बघण्यात अर्थ नाही. रात्री झोपताना अगदी कमी डोस. इन्सुलिनच्या पेनची सुई केसाएवढी आहे, बोटाला टोचते तेच जास्त दुखतं.

आता नवीन प्रश्न. पेन उघडलं आहे. घरात एसी फक्त बेडरूममध्ये, तोही रात्री. बाहेर ठेवू की फ्रिजमध्ये? आणि रविवारी डोहाळजेवण आहे, पन्नास माणसं, सगळं गोड. काय करू?

वाशीकर_77

डोहाळजेवण कुठे? ऐरोलीत हॉलच्या पार्किंगचे हाल आहेत. घणसोलीत एक बरा आहे.

पाचपाखाडी_पार्सल

न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये, दारात किंवा खालच्या खणात. बर्फाच्या कप्प्याला चिकटवू नका, एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं. चालू पेन 30 अंशांच्या आत बाहेर चालतं. किती दिवस ते पाकिटावर लिहिलेलं असतं, उघडल्याची तारीख पेनवर चिकटवून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे स्वयंपाकघर 30 च्या आत कुठलं राहतंय? आमच्याकडे बायकोने मातीच्या लहान मडक्यात डबी ठेवून वर ओलं फडकं टाकलं होतं. ऑफिसला जाताना पर्समध्ये ठीक, पण उन्हात उभ्या गाडीत विसरू नका.

आहारवेडी_कळवा

डोहाळजेवणाला घरून पोटभर नाश्ता करून जा, म्हणजे हावरटपणा होत नाही. ओटी भरतील, घास भरवतील, तेव्हा एकच गोड निवड आणि त्या जेवणात भात-पुरी सोड. दोन तासांनी मोज, जो येईल तो आकडा वहीत लिही. भरवणाऱ्या मावश्यांना कोणी तरी दटावणारी बहीण शेजारी बसव.

सुगरण_नेरुळ

खजूर-नारळाचे लाडू बिनसाखरेचे असतात, ते करा.

आहारवेडी_कळवा

खजुरात साखर नसते असं कोणी सांगितलं?

सिस्टर_निवृत्त

परत सुरू नका होऊ. मुली, एक लिहून ठेव. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तुझी 75 ग्रॅमची टेस्ट पुन्हा करायची, ती मात्र उपाशीपोटी. बाळाच्या घाईत निम्म्या बायका आपलं विसरतात. बाळाची सहा आठवड्यांची लस असते, त्याच दिवशी स्वतःची लावून घे. ती नॉर्मल आली तरी वर्षातून एकदा साखर बघत राहा, आईला मधुमेह आहे तुझ्या.

ऐरोलीची_मी

लिहून ठेवलं. नवऱ्याच्या फोनमध्येही टाकलंय. सगळ्यांना धन्यवाद, वाघकाकांनासुद्धा. केसांचा धागा कोणी तरी वेगळा काढा, मला चार महिन्यांनी लागेलच.