शाळेची सुट्टी आणि बर्फाचा हंगाम : सोलापूरहून कुटुंबासह स्कीइंगला केव्हा जावे?

होटगीरोडकर (प्रश्न)

मुलगी आठवीत असून तिच्या सीबीएसई शाळेला नाताळात आठवडाभर सुट्टी असते. मुलगा चौथीत असून त्याच्या राज्य मंडळाच्या शाळेला मात्र २५ डिसेंबरची एकच. दोघांनाही स्कीइंग शिकायचे आहे आणि आम्ही गुलमर्गचा विचार करत आहोत. येथील एका प्रवास व्यावसायिकाने नाताळातील सहलीचा जो दर सांगितला आहे, तो एरवीच्या दरापेक्षा बराच अधिक आहे, शिवाय पूर्ण रक्कम आगाऊ भरायची आणि सहल रद्द झाल्यास काहीही परत मिळणार नाही, अशी अट आहे. एवढा खर्च करून त्या आठवड्यात स्कीइंग करण्याजोगा बर्फ मिळण्याची खात्री असते का? नसल्यास दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी अधिक सोयीची ठरेल का? बरोबर सहासष्ट वर्षांची आईही असेल. तिचे गुडघे दुखतात.

डोंगरवाट

दिवाळी आणि मे हे दोन्ही पर्याय आधीच बाजूला ठेवावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गुलमर्गच्या उतारांवर गवत असते, आणि मे महिन्यात रोहतांगसारख्या सुमारे चार हजार मीटर उंचीच्या खिंडीत जो बर्फ उरलेला असतो, त्यावर पर्यटक घसरगुंडी खेळतात, पण मुलांना पद्धतशीर शिकवता येईल असा तो नसतो. गुलमर्गचा हंगाम साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. काश्मीरमधील कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, म्हणजे तिथले 'चिल्ले कलां', २१ डिसेंबरला सुरू होतात. त्यामुळे नाताळात थंडी नक्की मिळते, पण बर्फ थंडीने नव्हे, तर पश्चिमी झंझावातांमुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळांमुळे) पडतो आणि त्यांचे वेळापत्रक शाळांना विचारून ठरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाअखेरपर्यंत जवळजवळ कोरडे होते आणि भरपूर पैसे मोजून गेलेली कुटुंबे तपकिरी उतारांवर छायाचित्रे काढून परतली. नाताळात दर सर्वांत चढे आणि बर्फाचा भरवसा सर्वांत कमी, असा हा उलटा व्यवहार आहे. पैसे परत न मिळण्याची अट असेल तर तो मुळीच करू नये.

माझ्या मते जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरावा. आठवी आणि चौथी या दोन्ही इयत्तांना बोर्डाची परीक्षा नसल्याने वर्गशिक्षकांना आधी भेटून चार-पाच दिवसांची रजा मागणे अवघड जाऊ नये.

कन्नाचौक

रजा टाळायची असेल तर सोलापूरकरांच्या हाताशी आणखी एक सुट्टी आहे, ती म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची. संक्रांतीच्या आसपास शहरातील शाळांना जी सुट्टी मिळते तिला रविवार आणि एक-दोन दिवसांची रजा जोडली की मुलांचे फारसे बुडत नाही, आणि देशभरातील गर्दी तोवर ओसरलेली असते. (अर्थात ज्यांच्या घरी नंदीध्वजाचा मान आहे किंवा ज्यांना अक्षता सोहळा चुकवणे जमणारच नाही, त्यांच्यासाठी ही सूचना नाही. आमच्या घरात तर मुलेच गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, सोडायला तयार होत नाहीत.)

प्रवासाबाबत सांगायचे तर कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट दिल्लीला जाते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते, हे ध्यानात ठेवून तारीख ठरवावी. मात्र डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्यामुळे गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि बर्फ पडत असताना श्रीनगरची विमानेही रद्द होतात. म्हणून दिल्लीत उतरून त्याच दिवशी पुढचे विमान गाठण्याचा हिशेब करू नये; जाताना एक आणि येताना एक असे दोन दिवस मोकळे ठेवावेत. ते नसतील तर अख्ख्या सहलीत बर्फावर जेमतेम एक दिवस मिळतो.

डोंगरवाट

यात्रेच्या सुट्टीची कल्पना चांगली आहे, पण २०२४ मध्ये कोरडा गेलेला काळ नेमका तोच होता, म्हणून माझा कौल फेब्रुवारीलाच.

सातरस्ता

दोन गोष्टी. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक स्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती. निघण्यापूर्वी प्रशासनाच्या ताज्या सूचना पाहाव्यात आणि परतावा मिळेल अशाच खोल्या घ्याव्यात. दुसरे, आपल्याकडचे प्रीपेड सिमकार्ड तिथे चालत नाही, म्हणून घरातील निदान एक क्रमांक पोस्टपेड असावा.

होटगीरोडकर

सर्वांचा आभारी आहे. दोन्ही शाळांशी बोलून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा ठरवतो. औली आणि मनाली यांचाही विचार करावा का? आणि आईचे काय करावे?

डोंगरवाट

उत्तराखंडातील औलीचे उतार उत्तम आहेत, पण ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंत दिवसभराचा घाटरस्ता आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचू लागल्यावर तेथून औलीला जाणारा रोपवे बंद ठेवावा लागला. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला तिकडे नेऊ नये. मनालीजवळच्या सोलंगला पोहोचणे त्या मानाने सोपे, पण तिथे स्कीइंगपेक्षा बर्फात हिंडणाऱ्यांची गर्दी जास्त. तुमच्यासाठी गुलमर्गच बरे. श्रीनगरहून ते सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. ताजा बर्फ असला की टंगमर्गला गाडी बदलून साखळ्या लावलेल्या गाडीने वर जावे लागते, तेव्हा सामान कमी ठेवावे. आईंसाठी खोली तळमजल्यावरची आणि खात्रीने गरम राहणारी घ्यावी. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा त्यांना झेपेल, तिकीट मात्र आधीच ऑनलाइन काढावे. अफरवटचा दुसरा टप्पा चार हजार मीटरच्या जवळ जातो. तिथले उतार कसलेल्या स्कीपटूंसाठी आहेत, हिमस्खलनाचा धोकाही आहे, त्यामुळे मुलांनी स्की घेऊन तिकडे फिरकू नये.

मुलांना पहिले दोन दिवस खालच्या सौम्य उतारावर प्रशिक्षकाबरोबर सोडावे. स्कीची पुढची टोके जवळ आणून मागची बाजू फाकवायची आणि वेग कमी करायचा, एवढे जमल्याखेरीज वर जाण्याची घाई नको. सकाळचे दोन आणि दुपारचे दोन तास पुरे होतात. पहिल्या दिवशी निम्मा वेळ बूट चढवण्यात आणि पडून उठण्यातच जातो. साहित्य तिथे भाड्याने मिळते; हेल्मेट आग्रहाने मागून घ्यावे आणि प्रशिक्षकाचा दर तासाचा की दिवसाचा, हे आधी ठरवावे. पायात एकच लांब लोकरी मोजा घालावा, कारण दोन मोजे घातले की बूट आवळून पाय सुन्न पडतात. सुती कपडे अंगालगत नकोत. घामाने भिजले की ते वाळत नाहीत. सोलापूरच्या बाजारात बर्फाचे जलरोधक हातमोजे शोधत बसण्यापेक्षा ते श्रीनगरात घ्यावेत, आणि प्रवास विमा काढताना त्यात स्कीइंगची दुखापत धरली आहे का, ते वाचून पाहावे. पुष्कळ विम्यांत ती वगळलेली असते.