विषय: शनिवारचा बँड, आणि काकांची शंका

मंडळी, नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्या कम्युनिटी बँडचा कार्यक्रम आहे. प्रवेश मोफत, दीड तास. अर्धं संगीत ओळखीचं, अर्धं धूळ झटकून बाहेर काढलेलं. मी दुसऱ्या क्लॅरिनेटच्या रांगेत असते, त्यामुळे मुख्य चाल माझ्याकडून ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. येणाऱ्यांनी कळवा, म्हणजे एकत्र बसता येईल.

*

ताई, अभिनंदन. पण बँड म्हटलं की मला परेडच दिसते. खुर्चीत बसून दीड तास काय ऐकायचं? आणि जे विस्मरणात गेलं, ते उगाच गेलं असेल का? चांगलं असतं तर टिकलं असतं. स्पष्ट बोललो, राग नसावा.

*

काका, राग कसला, तालमीच्या पहिल्या दिवशी मीही हेच म्हणाले होते.

आधी ओळखीचं घेते. इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचा पहिला सुइट (म्हणजे तीन छोट्या भागांची रचना) हे बँडवाल्यांचं पाठांतर. सुरुवातीला ट्यूबा आणि युफोनियम ही जाड आवाजाची पितळी वाद्यं आठ मापांची एक चाल खालच्या सुरात मांडतात. मग तीच चाल फिरत राहते. कधी वर चढते, कधी उलटी होते, कधी नुसती सावलीसारखी मागे राहते. पुढचे दोन्ही भाग तिच्याच पहिल्या सुरांतून निघालेत. एवढी प्रतिष्ठेची रचना १९०९ मध्ये लिहिली, पण तिच्या वादनाची पहिली पक्की नोंद सापडते ती १९२० ची. म्हणजे आज ओळखीची वाटणारीसुद्धा सुरुवातीला ११ वर्षं अंधारातच होती.

आता विस्मरणातलं: अमेरिकन संगीतकार फ्लॉरेन्स प्राइस. शिकागो सिंफनी या वाद्यवृंदानं १९३३ मध्ये तिची पहिली सिंफनी (म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) वाजवली. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदानं कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिलीच वेळ. १९५३ मध्ये ती गेली. पुढे २००९ मध्ये शिकागोबाहेर सेंट ॲन गावातल्या एका पडक्या घरात तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. ते तिचं उन्हाळ्यातलं घर. त्यात व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीचे दोन कंचर्टो होते, चौथी सिंफनी होती. ऐकून कुणी नाकारलं, असं त्यांचं झालंच नव्हतं काका. छतच गळत होतं.

आम्ही पहिल्या सिंफनीतला जुबा नाच बँडसाठी बसवलाय. गुलामांना ढोल वाजवायची बंदी असायची, तेव्हा ते मांड्यांवर, छातीवर थापा मारून ताल धरत. तुमचा पाय आपोआप हलेल.

*

होल्स्ट म्हणजे सावित्रीवाला ना?

*

हो वहिनी, तोच! संस्कृत शिकून त्यानं ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं केली. महाभारतातल्या सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा, म्हणजे संगीत नाटक, लिहिला, जेमतेम अर्ध्या तासाचा. पडद्यामागून यम हाक मारतो, साथीला एकही वाद्य नाही. ते मात्र आम्ही वाजवत नाही, आधीच सांगते. गायक कुठून आणू?

*

ताई, आलो होतो, तिसऱ्या रांगेत. ट्यूबाची चाल मी बोटांवर मोजायला लागलो आणि पाचव्या फेरीनंतर हरवलो. जुबाला पाय हलला, पण बहुतेक चुकीच्या मात्रेवर. शेवटचा मार्च जरा लांबला, हे मात्र खरं.

एक विचारतो. दोन रचनांच्या मध्ये तू कागदावर पेन्सिलीनं काय करत होतीस?

*

काका, तुमची नजर तीक्ष्ण! होल्स्टचा माझा कागद बँडच्या कपाटातला, कोपरे पिवळे पडलेले. त्यावर कितीतरी जणांच्या खुणा आहेत: इथे श्वास घेऊ नको, इथे हळू. एका अवघड जागी कुणीतरी चष्म्याचं चित्र काढलंय. म्हणजे नजर वर कर, कंडक्टरकडे बघ. तो चष्मा नसता तर ती जागा मी दर वेळी चुकले असते.

प्राइसचा कागद भाड्यानं आणलेला, कोरा करकरीत. वाजवताना एका ठिकाणी माझी उडी चुकलीच (तुम्हाला कळलं नसावं अशी आशा), म्हणून तिथे पहिला चष्मा काढला. परत करताना खुणा पुसून द्यायचा नियम आहे. बाकीच्या पुसल्या. ती ठेवली.