‘व्यसनी’ नेमके कोणाला म्हणावे? ‘ॲडिक्शन’ आणि ‘डेमोग्राफिक्स’ यांच्या मराठी प्रतिशब्दांची चर्चा

विचारणा

परळमधील एका छोट्या संस्थेसाठी मी एका माहितीपुस्तिकेचे भाषांतर करीत आहे. मूळ पुस्तिका अमेरिकेतील एका लहान शहराविषयी आहे. तिच्या पूर्वार्धात त्या शहराचे ‘डेमोग्राफिक्स’, म्हणजे रहिवाशांचे वय, कुटुंबे, उत्पन्न आणि भाषा यांची माहिती असून उत्तरार्धात दारू व अमली पदार्थांचे ‘ॲडिक्शन’ समजावून सांगितले आहे. मी अनुक्रमे ‘जनसांख्यिकी’ आणि ‘व्यसन’ असे शब्द योजले होते. माझ्या सहकारी बाईंचे म्हणणे असे की, पहिला शब्द कोणालाच कळणार नाही आणि दुसरा सर्वांना कळेल, पण प्रत्येकाला वेगळा. आक्षेप मला पटला. पर्याय मात्र सुचत नाही.

पहिला प्रतिसाद

‘जनसांख्यिकी’ हिंदीतून आलेला आहे आणि मराठीत तो रुळलेला नाही. शास्त्राला आपण ‘लोकसंख्याशास्त्र’ म्हणतो. तुमच्या पुस्तिकेत शास्त्र नाही, एका गावाचे वर्णन आहे, म्हणून ‘लोकसंख्येची रचना’ एवढे पुरे. ‘मीडियन एज’ला ‘सरासरी वय’ लिहू नका. ते ‘मध्यक वय’, म्हणजे निम्मे रहिवासी ज्याहून लहान आणि निम्मे ज्याहून मोठे आहेत असे वय.

खरा प्रश्न ‘व्यसन’ या शब्दाचा आहे. संस्कृतात त्याचा एक मुख्य अर्थ ‘संकट’ असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे आणि त्यात राजाचे द्यूत व मद्यपान यांच्याबरोबर आग, पूर, रोगराई आणि दुष्काळ यांचाही विचार केलेला आहे. मनुस्मृतीत मात्र कामातून, म्हणजे वासनेतून, उपजणारी दहा आणि क्रोधातून उपजणारी आठ व्यसने मोजली आहेत, आणि तेथे शब्दाचा रोख दुर्गुणाकडे आहे. मराठीने हा दुसरा अर्थ उचलला आणि त्याला स्वतःची एक सौम्य छटाही दिली. ‘त्यांना वाचनाचे व्यसन आहे’ हे आपण कौतुकाने म्हणतो, आणि ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ हे तर दोन मित्र संध्याकाळी एका टेबलाशी बसले की हटकून ऐकू येते. एवढा पसारा असलेला शब्द वैद्यकीय मजकुरात एकटा सोडला, तर वाचक त्यातून आजार न वाचता स्वभावदोष वाचतो.

बोलीत याहून बारीक भेद आहेत. सवय, चटक, नाद, लत, ‘आहारी जाणे’ ही चढती पायरी कोणालाही शिकवावी लागत नाही. मुंबईत तर क्रियापदावरूनच पिणाऱ्याची पत ठरते. साहेब ‘घेतात’, शेजारी ‘पितो’ आणि चाळीच्या तळमजल्यावरचा हमाल ‘ढोसतो’; तिघांच्या पेल्यांतील माप एकच असले तरी. ही क्रियापदे दारूचे माप सांगत नाहीत, बोलणारा त्या माणसाला कोठे बसवतो ते सांगतात, म्हणून भाषांतरकाराने त्यांच्यापासून सावध राहावे. ‘बेवडा’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मुळात बेवडा म्हणजे दोनदा गाळलेली कडक दारू. पुढे दारूचे नाव पिणाऱ्याला चिकटले. ‘गर्द’ म्हणजे धूळ किंवा पूड, आणि ब्राऊन शुगर या हेरॉइनच्या हलक्या प्रकाराला हे नाव पडल्यावर ती ओढणारा ‘गर्दुल्ला’ झाला. दोन्ही शब्दांत माणूस नाहीसा होऊन पदार्थ तेवढा उरतो.

जाता जाता एक गंमत. ‘अमली पदार्थ’ असे आपण लिहितो खरे, पण संस्कृत ‘अमल’ म्हणजे निर्मळ. येथे मूळ शब्द ‘अंमल’ आहे, जो पेशव्यांचाही असतो आणि अफूचाही. माणसावर सत्ता चालवणारा तो ‘अंमली’ पदार्थ, आणि माझ्या मते या विषयातील हा सर्वांत अचूक मराठी शब्द आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ मध्ये ‘ॲडिक्शन’ आणि ‘हॅबिच्युएशन’ (सवय जडणे) या दोन्ही संज्ञांऐवजी ‘डिपेन्डन्स’ वापरण्याची शिफारस केली. त्यासाठी ‘अवलंबित्व’ हा मराठी शब्द योजला जातो. तो काटेकोर आहे, पण म्हाताऱ्या आईबापांच्या मुलांवरील अवलंबित्वाची आठवण करून देतो, त्यामुळे एकट्याने वापरू नये. मी ‘व्यसनाधीनता’ सुचवीन. त्यात ‘अधीन’ आहे, म्हणजे ताबा सुटल्याची खूण शब्दातच आहे. केवळ दारूविषयी बोलताना ‘मद्यपाश’ हाही चांगला शब्द आहे. ‘मद्यपी’ने काम भागणार नाही, कारण त्याचा मूळ अर्थ पिणारा एवढाच, किती आणि कसे, ते तो सांगत नाही.

दुसरा प्रतिसाद

मी काही वर्षे एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर भरण्याचे काम केले आहे, म्हणून या चर्चेत एक अनुभव घालते. आमच्या छापील कागदावर ‘व्यसने’ असा एकच रकाना होता. समोरचा माणूस गालात तंबाखूची गोळी धरूनच म्हणायचा, ‘व्यसन काही नाही, मॅडम.’ त्याच्या लेखी व्यसन म्हणजे दारू. एकदा साठीच्या आजींना मी विचारले, ‘तंबाखू खाता का?’ त्यांनी कानाला हात लावला. शेजारची आया हसून म्हणाली, ‘मशेरी लावता का, ते विचारा.’ आजी लगेच म्हणाल्या, ‘लावते की, सकाळ-संध्याकाळ. त्याशिवाय पोट साफ होत नाही.’ मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. पण ती दात घासायची वस्तू, खायची नव्हे. त्या दिवसापासून मी रकान्यात तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी आणि दारू अशी नावे घेऊनच विचारू लागले. वरिष्ठांना ते आवडले नाही, कारण ‘नाही’वाले कागद कमी होऊ लागले होते.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे पुन्हा

ताईंनी मूळ मुद्द्यावर बोट ठेवले. तुमच्या पुस्तिकेचे दोन भाग वेगवेगळे वाटतात, पण ते ‘मोजणी’पाशी एकत्र येतात, आणि कोणता शब्द विचारला यावर मोजणी ठरते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात, आणि दारूमुळे मदतीची गरज निर्माण झालेले त्यांतील लोक सुमारे ५.७ कोटी आहेत. म्हणजे घेणाऱ्या तिघांपैकी साधारण एक. भाषांतरकाराने दोन्ही आकड्यांपुढे ‘व्यसनी’ लिहिले, की तीनपैकी दोन माणसे लेखणीच्या एका फटकाऱ्याने आजारी ठरतात. म्हणून पहिल्या आकड्यासाठी ‘दारू घेणारे’ आणि दुसऱ्यासाठी ‘उपचारांची किंवा मदतीची गरज असलेले’ असे स्पष्ट लिहावे.

‘व्यसनाधीन’ हा शब्द निदान झालेल्यांपुरता राखून ठेवावा. आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अवलंबित्वाची सहा लक्षणे दिली असून वर्षभरात त्यांपैकी किमान तीन दिसली तर निदान करतात. त्यांतील बहुतेकांना मराठीत आयते शब्द आहेत: तलफ येणे, ताबा न राहणे, पूर्वीइतक्या मापाने न भागणे. सोडल्यावर होणाऱ्या त्रासाला मात्र पुस्तकात ‘वियोगलक्षणे’ म्हणतात, जे विरहगीतासारखे वाटते. गर्द ओढणारे त्याला सरळ ‘टर्की’ म्हणतात. पुस्तिकेत ‘सोडल्यावर होणारा शारीरिक त्रास’ असे लिहिल्यास दोन्ही टोके टळतील.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

दोघांचाही आभारी आहे. उत्तरार्धाचे शीर्षक आता ‘दारू व अंमली पदार्थांची व्यसनाधीनता’ असे केले आहे. ‘अंमली’वर अनुस्वार द्यायचा निर्णय माझा. एक शंका उरली: ‘हाउसहोल्ड’ला मी सगळीकडे ‘कुटुंब’ लिहिले आहे. ते चालेल ना?

शेवटचा प्रतिसाद

आपल्याकडच्या जनगणनेत चालेल, तुमच्या पुस्तिकेत अडचण होईल. भारतीय जनगणनेत ‘कुटुंब’ ठरते ते एकत्र राहणे आणि एका स्वयंपाकघरातले जेवण यांवरून. मराठीत ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतात तेच. अमेरिकेत मात्र एका राहत्या घरातले सगळे मिळून एक ‘हाउसहोल्ड’. त्यांचे नाते असो वा नसो, स्वयंपाक एक असो वा नसो. गिरणगावात एका खोलीत आळीपाळीने झोपणारे आणि खाणावळीत जेवणारे दहा कामगार त्या हिशेबाने एक ‘हाउसहोल्ड’ झाले असते, पण त्यांना कुटुंब कोणी म्हटले नसते. म्हणून ‘राहती घरे’ किंवा ‘घरटी’ (दर घरामागे) वापरा: ‘घरटी उत्पन्न’, ‘घरटी माणसे’. शिवाय तेथील निवासी उपचारकेंद्रांत राहणाऱ्यांची गणना घरांत होत नाही, सामूहिक निवासांत वेगळी होते. शहर लहान असेल आणि असे केंद्र मोठे असेल, तर घरांतील माणसांची बेरीज शहराच्या लोकसंख्येशी जुळणार नाही. तक्त्यात तशी तफावत दिसली तर ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका.