सारसाचं पिल्लू उडेपर्यंत यशवंतसागरची फेरी थांबवावी का?

गंभीरकाठ

गेल्या रविवारी आपला पक्षी पाहणाऱ्यांचा गट इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावावर गेला. ३८ माणसं, ११ गाड्या. सारसाच्या जोडीबरोबर यंदा पिल्लू आहे हे कळल्यामुळेच एवढे लोक आले. जागा मुद्दाम लिहीत नाही.

पाहिलं ते सांगतो. सोयाबीन काढलेल्या शेतात तिघं चरत होती. पहिले आठ-दहा जण उतरले तेव्हा जोडीतल्या मोठ्याने मान वर केली, आपल्याकडे पाहिलं आणि पुन्हा चोच जमिनीला लावली. मग मागच्या गाड्या आल्या. दारं आपटली, "कुठे? कुठे?" सुरू झालं. जोडीतल्या एकाने घशातल्या घशात आवाज काढला आणि पिल्लू होतं तिथेच चेपून बसलं. आपण पुढे चाळीस मिनिटं तिथे होतो. तेवढ्या वेळात ते उठलं नाही आणि त्याच्या पोटात दाणा गेला नाही.

सारसाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर लगेच चालायला लागतं, पण उडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागतात. ऑगस्टअखेरीस जन्मलेलं पिल्लू नोव्हेंबरअखेरपर्यंत जमिनीवरच असतं. कुत्रा आला तर आई-बाप उडून जाऊ शकतात, त्याला तेही नाही. त्याला वाढायला हाच काळ मिळतो आणि नेमक्या याच काळात, दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांत, आपण थव्याने जातो.

माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. कुठल्याही फेरीत दहापेक्षा जास्त माणसं नकोत. आणि पिल्लू उडेपर्यंत त्या बाजूला कोणीही जाऊ नये, मीसुद्धा.

रविवारची मोट

फेरी मीच ठरवली होती, म्हणून उत्तर देणं माझं काम. गाड्यांची दारं आपटली हे खरं, ती चूक माझी. सगळ्यांना अलीकडेच थांबवून चालत न्यायला हवं होतं. पण दहाची मर्यादा मला मान्य नाही.

काका, आपण सिरपूर आठवा. होळकरांच्या काळातला तलाव, इंदूर शहराच्या कडेचा. अतिक्रमण आणि सांडपाण्याने त्याची काय दशा झाली होती! भालू मोंढे आणि त्यांच्या सोबतची माणसं वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागली, म्हणून आज तिथे हिवाळ्यात बदकं उतरतात. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरलाही पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. ही मान्यता टिकवायला कागद पुरत नाही. तलावात भराव पडायला लागला तर पत्र लिहायला, वॉर्डात जाऊन बसायला माणसं लागतात. ती दहाच्या यादीतून येत नाहीत. त्या ३८ पैकी निम्म्यांनी रविवारी पहिल्यांदा दुर्बीण हातात घेतली होती.

थिरथिरा

मी त्या निम्म्यांतली. तीन वर्षं पक्षी पाहायची इच्छा होती, पण पहाटे सहाला तलावाच्या काठावर मी एकटी उभी राहू शकत नाही. घरचेही पाठवणार नाहीत आणि मलाही भीती वाटते. मोठा गट होता, चार बायका माझ्या वयाच्या होत्या, म्हणून आले. दहाच जागा असतील तर त्या जुन्या लोकांतच भरतील. हे कोणी मुद्दाम करणार नाही, पण होईल तसंच.

आणखी एक सांगते. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गच्चीच्या कठड्यावर शेपूट थरथरवणारा एक काळा-तांबूस पक्षी दिसला. आधी दर हिवाळ्यात तो तिथे असेलच, मी पाहिलाच नव्हता. फेरीत कोणीतरी नाव सांगितलं होतं म्हणून ओळखला. तेच नाव इथे घेतलं आहे.

देपालपूरकर

आमची शेती त्याच पट्ट्यात आहे. सारस आमच्याकडे माझ्या आजोबांपासून आहेत. थोडं धान्य खातात, किडे-बेडूकही खातात, कोणी हाकलत नाही. पण सोयाबीन निघालं की आम्ही हरभरा पेरतो आणि तो उगवून बोटभर वर आला की तुमची माणसं बांध सोडून आत येतात. फोटोसाठी. रविवारीही चार-पाच जण आले होते. सारसाच्या पायाने आमचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही, बुटांनी झालेलं पाहिलं आहे.

दहा की चाळीस हा वाद तुम्ही घाला. आधी ज्याचं शेत आहे त्याला विचारून या. इतकी वर्षं झाली, एकानेही विचारलेलं नाही.

लांब पल्ला

फोटोवाल्यांवर बोट येणारच होतं, म्हणून लिहितो. मी रविवारी बांधावरच होतो, पण आत गेलेल्यांत माझे दोन मित्र होते आणि मी त्यांना अडवलं नाही. देपालपूरकरांची माफी मागतो.

तरीही सांगतो, माणसं मोजून काही होत नाही. तीन माणसं पिल्लाच्या मागे लागली तर तीस शांत माणसांपेक्षा जास्त त्रास देतात. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारा एकटाच असतो बहुतेक वेळा. नियम अंतराचा करा. पक्ष्याने खाणं थांबवून मान वर धरून ठेवली की आपण जवळ आलो, मागे फिरायचं. त्याला मोजपट्टी लागत नाही.

गंभीरकाठ

थिरथिराताई, आपलं म्हणणं वाचून मी दिवसभर विचार केला. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पुरुष, स्कूटर काढली की निघालो. दहाचा आकडा मी मागे घेतो.

पण 'लांब पल्ला', आपला नियम मला पुरेसा वाटत नाही. सारसाची मान दिसते, उंच पक्षी आहे, माणसाएवढा. बदकांचं काय? सिरपूरला तलवार बदकं, थापट्या बदकं दिवसा पाण्यावर चोच पाठीत खुपसून पडलेली असतात. यांतले बरेच रात्री चरतात आणि दिवसा विसावा घेतात. हिमालयापलीकडून आलेले हे पक्षी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा तेवढंच उडायचं, त्यासाठी अंगावर चरबी साठवायची. थवा एकदा उठवला तर साठवलेलं खर्च होतं. आपल्याला तो थवा आकाशात गोल फिरताना सुंदर दिसतो, सगळे कॅमेरे वर जातात. मीही एकेकाळी टाळी वाजवून उठवले आहेत. त्याची आज लाज वाटते. मान वर झाल्यावर मागे फिरायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. थांबायची जागा आधीच ठरलेली हवी.

आणि पिल्लाच्या बाबतीत मी हटणार नाही. डिसेंबरपर्यंत नको.

रविवारची मोट

देपालपूरकर, आपल्याला व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. शनिवारी मी आणि अजून एक जण आपल्याकडे येतो. कुठे उभं राहिलेलं चालेल ते आपणच दाखवा.

पुढच्या रविवारी सिरपूर. दोन तुकड्या, प्रत्येकी पंधरा, अर्ध्या तासाच्या अंतराने. प्रत्येक तुकडीत किमान पाच नवे आणि बायकांच्या जागा आधी भरणार. स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, बंधाऱ्यावर एका जागी लावणार, तिथून पुढे कोणी जायचं नाही. वारकरी पक्षी, हळदीकुंकू बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या सगळं तिथून दिसतं. नव्या माणसाला एवढं खूप आहे.

यशवंतसागरला मात्र नोव्हेंबरात एकदा जावंच लागेल, काका. जानेवारीच्या पाणपक्षी गणनेला जी मुलं येणार आहेत त्यांना जागा दाखवायच्या आहेत. सारसाची बाजू सोडून, दुसऱ्या काठाने.

गंभीरकाठ

दुसऱ्या काठाने चालेल. गाड्या किती?

रविवारची मोट

दोन. बाकीचे बसने.

देपालपूरकर

शनिवारी सकाळी नको, गव्हाचं पाणी सोडायचं आहे. चारनंतर या. पिल्लू संध्याकाळी विहिरीच्या अंगाला असतं, ओट्यावरून दिसतं. तिथे चौघांपेक्षा जास्त मावत नाहीत.