मदत हवी आहे: फ्लूच्या लशीनंतर खांद्याची दुखापत (अमेरिका), तडजोडीची रक्कम स्वीकारू का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. वकिलाला शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे आणि घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते. लांबण लागेल, आधीच माफी मागते.

मी नॉर्थ कॅरोलिनात रालेजवळ राहते. ऑक्टोबर २०१९ मध्ये घराजवळच्या एका फार्मसीत फ्लूची लस घेतली. कुर्त्याची बाही वर सरकेना, म्हणून गळाच खांद्यावरून खाली ओढला. मी खुर्चीत, टोचणारी मुलगी उभी. सुई दंडाच्या मांसात न जाता पार वर, खांद्याच्या हाडाजवळ गेली. त्या रात्री उजव्या कुशीवर वळता आलं नाही. चार दिवसांत जाईल म्हणत महिना गेला. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा कुकर काढता येईना, दोन पोळ्या लाटल्या की डोळ्यांत पाणी. मैत्रिणींचं एकच, "चाळिशी आली, फ्रोझन शोल्डर होतोच."

डिसेंबरात भावाच्या लग्नाला सांगलीला गेले. तिथे आईने आधी मालिशवाल्या काकांकडे नेलं (त्याबद्दल न बोललेलं बरं), मग हाडांच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. परत आल्यावर जानेवारी २०२० मध्ये एमआरआय झाला. त्यात बर्सायटिस (सांध्याजवळच्या बर्सा नावाच्या पिशवीला सूज) आणि रोटेटर कफला, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या पट्ट्याला, अर्धवट फाट निघाली. फिजिओथेरपीच्या अकरा फेऱ्या झाल्या आणि मार्चमध्ये कोविडमुळे क्लिनिकच बंद पडलं. पुन्हा सुरुवात केली ती थेट सप्टेंबरात. आणखी एक इंजेक्शन, आणखी चौदा फेऱ्या. ऑपरेशन टळलं.

लस टोचताना झालेल्या अशा दुखापतीसाठी सरकारी भरपाई योजनेत दावा करता येतो हे मला २०२२ च्या गणपतीत कळलं. मंडळात मोदकांच्या रांगेत एका ताईंनी विचारलं, "हात असा का धरतेस?" पिटिशन दाखल झालं तेव्हा तीन वर्षांची मुदत संपायला अठरा दिवस उरले होते.

आता सरकारी वकिलांकडून ४५ हजार डॉलरचा प्रस्ताव आलाय. आम्ही ८५ मागितले होते. नवरा म्हणतो घे आणि मोकळी हो. माझी वकील म्हणते निर्णय तुझा, पण मार्च ते सप्टेंबर २०२० मध्ये एकही नोंद नाही आणि ते त्यावरच बोट ठेवतायत. मला मुळात ही रक्कम कमी की जास्त तेच कळत नाही. यातून वकिलाचे पैसे जाणार का? टॅक्स? आमचं ग्रीनकार्ड रांगेत आहे, त्याला काही बाधा? आणि माझं नाव नेटवर येईल असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का?

एडिसनचा_चहा

वकील तेहतीस टक्के कापणार, म्हणजे हातात तीस उरले. माझ्या गाडीच्या ॲक्सिडेंटमध्ये तसंच झालं होतं. घेऊन टाका.

डावखुरा

चहा, गाडीचा न्याय इथे लावू नका. लशींच्या दाव्याचा कायदा वेगळा आहे. १९८६ साली अमेरिकन संसदेने तो केला आणि १९८८ पासून भरपाई योजना चालू आहे. या योजनेत वकिलाची फी योजनेच्याच निधीतून, वेगळी मंजूर होते. तुमच्या रकमेला वकील हात लावू शकत नाही, वरून एक डॉलरही मागू शकत नाही. दावा हरलात तरी तो प्रामाणिक आणि साधार असेल तर फी मिळू शकते. ताई, ४५ ठरले तर ४५ तुमचेच.

माझाही हाच खटला होता, डाव्या खांद्याचा (नाव त्यावरूनच). लशीच्या प्रत्येक डोसवर, त्यात जितके रोग अडवले जातात त्या प्रत्येकामागे पाऊण डॉलर कर बसतो आणि त्याचा निधी साठतो. तुम्ही फार्मसीवर किंवा त्या मुलीवर खटला भरलेला नाही. समोर आहे आरोग्य खातं, त्याच्या वतीने न्याय खात्याचे वकील, आणि निकाल देतात वॉशिंग्टनमधल्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सचे स्पेशल मास्टर, म्हणजे या दाव्यांसाठी नेमलेले न्यायाधिकारी.

मला एक सांगा, सरकारने तुमचा हक्क मान्य केलाय का? माझ्या वेळी केला होता. मग फक्त रकमेची घासाघीस उरते आणि जो आकडा ठरतो त्याला प्रॉफर म्हणतात. हक्क मान्य नसताना दोघांनी मधे भेटायचं ठरवलं की ते स्टिप्युलेशन. त्यात सरकार "लशीमुळे हे झालं असं आम्ही मानत नाही" असं स्वच्छ लिहितं आणि तरी पैसे देतं. तुमचा प्रस्ताव या दुसऱ्या जातीचा वाटतो. त्यात रक्कम कमी असते, कारण हरण्याची जोखीम दोघांनी वाटून घेतलेली असते.

कृष्णाकाठची

हो, स्टिप्युलेशनच. ते "मानत नाही" वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

खांदेपालट

मी फिजिओ आहे, कोर्टाचं मला विचारू नका. पण ताईंनी सांगितलेली कुर्त्याची गोष्ट आमच्याकडे इतक्या वेळा येते की मोजणं सोडलं. खांद्याच्या टोकाचं हाड बोटाने चाचपायचं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली डेल्टॉइडचा (दंडाच्या वरच्या स्नायूचा) जाडसर भाग, सुई तिथे. गळा ओढून खांदा उघडा केला की दिसतो फक्त वरचा भाग, आणि टोचणारा उभा असला की हात आपोआप वर जातो. मग लस बर्सात किंवा कफच्या आसपास पडते आणि तिथे सूज धरते. सडपातळ बाईला लांब सुई वापरली तर आणखी सोपं. वैद्यकीय नियतकालिकांत याला 'सिर्वा' हे नाव २०१० मध्ये मिळालं, तेरा रुग्णांच्या अभ्यासातून. "चाळिशीत होतोच" म्हणणाऱ्यांना विचारा, चाळिशी एका रात्रीत येते का?

तुमच्या फिजिओच्या नोंदींत अंशांचे आकडे असतील. हात बाजूने किती वर जात होता, १८० पैकी ७० की १४०. शेवटच्या मार्चच्या भेटीत ते किती आणि सप्टेंबरच्या पहिल्या भेटीत किती, हे दोन आकडे शेजारी ठेवा. हात मधल्या काळात बरा होऊन परत बिघडला, की बराच झाला नव्हता, ते त्यात दिसेल.

शंकासुर

असे धागे वाचून लोक लस घ्यायचं सोडतात. फ्लूने माणसं मरतात हो. एका दुखऱ्या खांद्यासाठी सरकारकडून लाखो उकळायचे?

कृष्णाकाठची

शंकासुर, मी दर वर्षी फ्लूची लस घेते. या वर्षीचीही घेतली, डाव्या दंडात, बिनबाह्यांचा टॉप घालून, "तुम्हीही बसा" असं फार्मासिस्टला सांगून. लशीत काही वाईट होतं असं माझं म्हणणंच नाही. सुई चुकीच्या जागी गेली. दीड वर्ष लेकीची वेणी घालता आली नाही, ते तुम्हाला दुखऱ्या खांद्याइतकं वाटत असेल तर वाटो.

कागदीघोडा

मी वकील नाही. अशा दाव्यांचे कागद लावण्याचं काम काही वर्षं केलंय, त्या आधारावर लिहितो. अंतिम शब्द तुमच्या वकिलाचा.

खांद्याची दुखापत योजनेच्या अधिकृत तक्त्यात (कोणत्या लशीनंतरची कोणती दुखापत लशीमुळे झाली असं धरायचं त्याची यादी) २०१७ मध्ये आली. तक्त्यात बसायचं तर आधी त्या खांद्याची तक्रार नको, दुखणं ४८ तासांत सुरू व्हायला हवं, दुखणं आणि हालचालीतली अडचण त्याच खांद्यापुरती हवी आणि दुसरं कारण सापडता कामा नये. या चारांत तुम्ही बसता असं दिसतं. घोडं अडलंय ते सहा महिन्यांच्या अटीवर. ऑपरेशन आणि इस्पितळात दाखल होणं झालं नसेल तर त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकला हे दाखवावं लागतं. ऑक्टोबर २०१९ अधिक सहा म्हणजे एप्रिल २०२०. तुमची शेवटची नोंद मार्चची. म्हणून ते ४५ वर बसलेत.

आता दोन गोष्टी. कोविडच्या बंदमुळे उपचार खंडले हे कारण स्पेशल मास्टर समजून घेतात, त्यावर निकाल आहेत. पण समजून घ्यायला काहीतरी कागद लागतो. तेव्हा आज रात्री हे करा: दवाखान्याच्या पेशंट पोर्टलमध्ये जाऊन तुम्ही डॉक्टरांना पाठवलेले सगळे मेसेज उघडा. वकिलाने "सगळे रेकॉर्ड" मागवले की दवाखाने बहुतेकदा भेटींच्या नोंदी पाठवतात, मेसेज मागेच राहतात. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारतो. सांगलीच्या डॉक्टरांची चिठ्ठीही द्या, एका ओळीची असली तरी. तारीख आणि "उजवा खांदा" एवढं पुरे. मराठीत असेल तर भाषांतर जोडा. मालिशवाल्या काकांची पावती नसेलच, ती बाजू सोडा.

रकमेबद्दल. वेदना आणि त्रासापोटी कायद्याची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर, आणि ती १९८६ पासून तीच आहे. ती फार थोड्यांना मिळते. ऑपरेशन झालेले दावे बऱ्याचदा लाखापलीकडे जातात, बिनऑपरेशनचे सहसा त्याच्या आत. पाहतात काय, तर किती महिने, किती तीव्र, किती इंजेक्शनं, किती फेऱ्या, पहिल्यांदा डॉक्टरांकडे किती उशिरा गेलात. खिशातून भरलेले कोपे (विमा असूनही आपण भरतो तो वाटा) वेगळे मागता येतात, विम्याने भरलेला खर्च नाही. सांगलीचं विमानभाडं मागू नका, लग्नाला गेला होतात ते तुम्हीच लिहिलंय.

शारीरिक दुखापतीची भरपाई म्हणून या रकमेवर फेडरल आयकर साधारणपणे लागत नाही, व्याज मिळालं तर त्यावर लागतो. नागरिकत्वाची अटच नाही, लस अमेरिकेत घेतलेली पुरते. ग्रीनकार्डच्या वेळी विचारतात ते उत्पन्नाला आधार म्हणून घेतलेल्या सरकारी रोख मदतीबद्दल, ही त्यातली नव्हे. नावाचं मात्र खरं आहे. निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर जातो. निकालानंतर १४ दिवसांत नाव झाकण्याचा अर्ज करता येतो, पण मंजूर होईलच असं नाही.

एडिसनचा_चहा

तेहतीस टक्के मागे घेतो. 🙏 मला २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या डोसनंतर खांदा धरला होता. मीही करू का दावा?

कागदीघोडा

नाही. कोविडच्या लशी या योजनेत नाहीत. त्यांची योजना निराळी, मुदत लस घेतल्यापासून एकच वर्ष, त्रासाची भरपाई नाही आणि वकिलाची फीही नाही. तुमची वेळ कधीच गेली.

कृष्णाकाठची

मंडळी, पोर्टल उघडलं. हात थरथरताहेत म्हणून चुका सांभाळून घ्या.

दोन मेसेज सापडले. पहिला लशीनंतर नवव्या दिवशीचा: "फ्लू शॉट घेतलेल्या हाताला अजून खूप दुखतंय, बर्फ लावू की शेक?" नर्सचं उत्तरही आहे. दुसरा १६ जून २०२०: "फिजिओ क्लिनिक उघडलंय का? हात अजून खांद्याच्या वर जात नाही." मी हे लिहिलं होतं ते मला आठवतसुद्धा नव्हतं. वकिलाला रात्रीच पाठवले. खांदेपालट, तुम्ही म्हणालात ते आकडेही काढले: मार्चमध्ये ११०, सप्टेंबरात ९५.

खांदेपालट

११० वरून ९५. उपचार थांबला की असंच होतं. बरा झालेला खांदा असा मागे जात नाही.

डावखुरा

जूनचा मेसेज म्हणजे आठवा महिना. शुक्रवारी सही करू नका, मुदत वाढवून मागा. सरकारी वकीलही माणसंच आहेत, नवा कागद आला की वेळ देतात.

तरी एक सांगतो, रागावू नका. ८५ च्या हट्टाने पुढे गेलात तर लेखी युक्तिवाद, मग निकालाची वाट. तुमच्यापुढे दोन पायऱ्या आहेत, आधी हक्क आणि मग रक्कम. माझ्या ओळखीतल्या एकाने त्यात आणखी दीड वर्ष घालवलं आणि मिळाले प्रस्तावापेक्षा चार हजार जास्त. प्रश्न पैशाचा आहे की त्या "मानत नाही" वाक्याचा, ते आधी स्वतःशी ठरवा. वाक्यासाठी लढायचं असेल तर खुशाल लढा, ते चुकीचं नाही. पण मग उशीर झाला म्हणून कुरकुर करू नका.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय. मेसेज आणि सांगलीची चिठ्ठी दाखल झाली. सरकारी बाजू ६२ हजारांवर आली, आम्ही ७० म्हटलं, ६६,५०० आणि कोप्यांचे १,१४० यावर थांबलो. डावखुरा, तुमच्या प्रश्नावर दोन रात्री काढल्या. वाक्याचाच होता. पण लेक म्हणाली, "आई, ते कोण वाचणारे?" आणि मी काल सही केली. ते वाक्य पान दोनवर आहे. आता स्पेशल मास्टरांचा निकाल, मग कोर्टाचं जजमेंट, मग चेक. वकील म्हणते काही आठवडे लागतील. नाव झाकण्याचा अर्ज करणार नाही.

पावभाजी_डॅलस

धागा वर आणतोय. माझ्या बायकोला १७ नोव्हेंबर २०२२ ला फ्लूची लस दिली, दुसऱ्या दिवशीपासून खांदा दुखतोय, अजूनही पूर्ण बरा नाही. आम्ही दिवाळी झाल्यावर वकील बघायचं म्हणतोय. चालेल ना?

कागदीघोडा

मुदत पहिल्या लक्षणापासून ३६ महिने. आज ऑक्टोबर २०२५ चा दुसरा आठवडा चालू आहे. पिटिशन कोर्टात पोचायला हवं, वकिलाकडे नव्हे, आणि इतक्या शेवटी आलेला दावा घ्यायला बरेच वकील नाही म्हणतात. दिवाळी नंतर करा. लस कुठे दिली, कोणत्या हातात, याचा कागद फार्मसीतून आजच आणा आणि उद्या सकाळी फोन लावायला सुरुवात करा.