'स्थानिकच खा' म्हणणाऱ्यांनो, एक मिनिट

दोन_बॅगा_एक_पोर:
सकाळी भटकभवानी यांनी टाकलं, "परमुलखात जाऊन ओळखीच्या साखळी हॉटेलात शिरणाऱ्यांनी घरातून निघूच नये. तिथली माणसं जिथे खातात तिथेच खायचं, नाहीतर तुम्ही प्रवासी नाही, पार्सल आहात." खाली धडाधड बदाम. सोडून देणार होते, पण तो पार्सल शब्द दुपारपर्यंत डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय, लांब होईल.

माझ्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आवडत नाही असं नव्हे, ओठ सुजतात, श्वास अडकतो, इंजेक्शनचं पेन कायम पर्समध्ये. दोन वर्षांपूर्वी एका बंदराच्या गावात अगदी तुमच्या नियमाने वागलो. गर्दी बघितली, बाकडी बघितली, मेनूकार्ड नाही हे बघून तर आम्हीच खूश झालो. वाढणाऱ्या बाईंना खुणेने विचारलं, त्यांनी हसून मान हलवली. ती मान 'नाही घातलेलं' अशी होती का 'नाही कळलं' अशी, हे मला आजही सांगता येणार नाही. दहा मिनिटांत पेन टोचलं आणि रात्र हॉस्पिटलात काढली. बाईंची चूक नाही, माझीच. दुसऱ्या दिवशी साखळी हॉटेलात गेलो कारण तिथे भिंतीवर तक्ता होता, कशात काय आहे त्याचा. पोरगं पोटभर जेवलं आणि मी कोपऱ्यात बसून रडले. तर हो, आम्ही पार्सल.

भटकभवानी:
ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण माझी पोस्ट अ‍ॅलर्जीवाल्यांवर नव्हती हे कुणालाही कळेल. एक अपवाद आणायचा आणि अख्खा मुद्दा खोडायचा ही इथली जुनी खोड आहे. मी बोलतेय ते आठ दिवस त्याच त्याच चार गोष्टी खाऊन परत येणाऱ्यांबद्दल, जे वर सांगतात की तिकडे खायला काही मिळतच नाही. लाखो माणसं राहतात तिथे, ती काय हवा खाऊन जगतात?

शिळंपाकं:
@दोन_बॅगा, तिथल्या भाषेत लिहिलेलं कार्ड न्यायला हवं होतं तुम्ही. खुणांवर कोण अवलंबून राहतं?

दोन_बॅगा_एक_पोर:
सल्ल्याबद्दल आभार, दोन वर्षं उशीर झाला फक्त. आता नेतो कार्ड, आणि त्यावर 'शेंगदाणे नको' एवढंच नसतं, तेल तेच का, झारा तोच का, हेही विचारलेलं असतं, कारण पदार्थात नसलं तरी कढईत असतं. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून अ‍ॅलर्जी करणाऱ्या 14 घटकांबद्दल गिऱ्हाइकाला सांगणं हॉटेलवाल्यांना बंधनकारक आहे, अगदी सुट्या पदार्थांबाबतही. तिथे फिरताना मी पहिल्यांदा निवांत जेवले. अस्सलपणा गेला चुलीत.

तिखटजाळ:
अस्सलपणावर आलातच आहात तर मला बोलू द्या. ही 'स्थानिक' भानगड ठरवणार कोण? मिरची, टोमॅटो, बटाटा तिन्ही अमेरिका खंडातले, कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला त्यानंतर जहाजांतून जगभर पसरलेले. थायलंडला जाऊन लोक जो पाड थाई, म्हणजे परतलेल्या नूडल्स, डोळे मिटून 'पिढ्यान्पिढ्यांची चव' म्हणून खातात तो तिथल्या पंतप्रधान फिबुनच्या सरकारने 1930-40 च्या दशकांत राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणलेला. इटलीतलं तिरामिसू, ते कॉफीचं गोड, तर साधारण माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाचं, 1960-70 च्या आसपासचं. आणि आपण तिथे जाऊन शोधतोय कुणाच्यातरी आजीची पाककृती!

भटकभवानी:
मग मिरचीला नागरिकत्व मिळायला अजून किती शतकं थांबायचं? काहीही. लोकांनी आपलं मानलं, रोज शिजवलं, की झालं स्थानिक.

तिखटजाळ:
झालं ना? मग साखळी हॉटेलांनाही द्या नागरिकत्व. तिथली कॉलेजची पोरं तिथेच पडीक असतात, लहान मुलांचे वाढदिवस तिथेच होतात. 'तिथली माणसं जिथे खातात' हे तुमचंच वाक्य. ती तिथेही खातात बाई! तुम्हाला तिथली माणसं नको आहेत, तुमच्या डोक्यात बसलेली तिथली माणसं हवी आहेत.

समाधानी_ढेकर:
तुमचं चालू द्या. मला फक्त एवढंच विचारायचंय की टेबलावर हा क्यूआर कोड चिकटवायची अक्कल कुणाची? बॅटरी संपली की उपाशी? मागच्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाच्या फोनवर मेनू वाचला, त्याच्या बायकोचा मेसेज पण वाचला. लाज वाटली.

निवृत्त_आणि_भुकेला:
ढेकर, नवीन विषय काढ बाबा. मी ताऱ्यांवर बोलणार होतो. हॉटेलांना तारे देणाऱ्या ज्या लाल पुस्तकाच्या ताऱ्यांसाठी मोठमोठे शेफ जीव टाकतात ते मिशलँ या टायर कंपनीने 1900 मध्ये काढलं, लोकांनी गाड्या पळवाव्यात आणि टायर झिजवावेत म्हणून. तारे आले 1926 मध्ये. आणि त्यांचे अर्थ बघा, एक म्हणजे वाटेत लागलं तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे खास तेवढ्यासाठीच निघा. सगळा हिशोब रस्त्याचाच. 2016 मध्ये सिंगापूरच्या रस्त्यावरच्या जेवणाच्या स्टॉललाही तारा दिला त्यांनी. जगभर कौतुक झालं. मला प्रश्न पडला की आदल्या दिवशीपर्यंत कामावरून सुटून तिथे जेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी कुठे जेवला असेल?

हे मी हवेत बोलत नाही. तीस वर्षं एका छोट्या खानावळीत बसायचो, ठरलेल्या खुर्चीत, न सांगता ताट यायचं. कुणीतरी 'लपलेलं रत्न' म्हणून व्हिडिओ टाकला. तीन महिन्यांत माझ्या खुर्चीसाठी बाहेर नंबर लागायला लागले, सहा महिन्यांत जागामालकाने भाडं वाढवलं, वर्षाच्या आत शटर खाली. भटकभवानी, तुमच्या पोस्टीत 'लपलेलं रत्न' मी आठ वेळा मोजलंय.

भटकभवानी:
हे जरा जास्तच होतंय काका. तुमची खानावळ मी बंद नाही पाडली. मी लिहिल्यामुळे एका बाईंना दुसरं दुकान काढता आलं, तो हिशोब कोण मांडणार? तुम्हाला तुमची खुर्ची हवी होती, मालकाचं भलं नाही.

निवृत्त_आणि_भुकेला:
खुर्ची हवी होती, खरंय. त्यात लपवायचं काय? आणि तुम्हाला काय हवं होतं, मालकाचं भलं का बदाम?

शिळंपाकं:
दोघांनी पाणी प्या, सीलबंद बाटलीतलं. गर्दीत खा या सल्ल्यात शास्त्र एवढंच की माल पडून राहत नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, गरम असेल तर 60 अंशांच्या वर, थंड असेल तर 5 च्या खाली, जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. बाकडं लाकडी का संगमरवरी हे जंतू बघत नाहीत. मी रस्त्यावर खाऊन कधी आजारी पडलो नाही, पडलो ते पाच तारांकित हॉटेलच्या बुफेत, ताटात मोर कोरलेलं कलिंगड होतं. त्या मोराने मला चार दिवस आडवं केलं.

दोन_बॅगा_एक_पोर:
बुफेवर वेगळा धागा काढा, मी येते. पण भटकभवानी, एक सरळ प्रश्न. तुमच्या स्वतःच्या घरापासून चालत जाता येईल अशी खाण्याची ठिकाणं किती, आणि त्यातल्या किती ठिकाणी तुम्ही एकदा तरी बसलात? परगावच्या गल्ल्या तुम्हाला पाठ आहेत म्हणून विचारतेय.

भटकभवानी:
हा प्रश्न कुठून आला?

तिखटजाळ:
उत्तर टाळताय.

भटकभवानी:
बरं. बस स्टॉपसमोर एक आहे. अकरा वर्षं रोज समोरून जाते. आत कधी गेले नाही. पडदा मळका आहे आणि आत नेहमी तेच तेच चेहरे असतात, वाटतं आपण आत गेलो की सगळे वळून बघतील. परगावात कुणी बघितलं तर काही वाटत नाही, उद्या आपण निघून जाणार असतो. झालं समाधान? आणि ताई, 'पार्सल' शब्द मागे घेते. तुमच्यापुरता. बाकीचे आहेतच पार्सल.

दोन_बॅगा_एक_पोर:
तुमच्यापुरता म्हणे! केवढी ही मेहेरबानी. असो, घेतला.

निवृत्त_आणि_भुकेला:
तेच तेच चेहरे आणि मळका पडदा? कुठे आहे हे, पत्ता द्या. नको, देऊ नका. इथे तर मुळीच नको.

भटकभवानी:
आत्ता जाऊन आले. बंद होतं. शेजारचा किल्लीवाला म्हणाला, सोमवारी बंदच असतं, दर सोमवारी. अकरा वर्षांत मला एवढंही माहीत नव्हतं. उद्या बघते. फोटो टाकणार नाही, काका.

समाधानी_ढेकर:
दारावर क्यूआर होता का?