नोटिशीतील ‘रॉंग’ या शब्दाविषयी

ब-३०२
सर्वांना नमस्कार. लिफ्टशेजारच्या फलकावर लागलेल्या इंग्रजी नोटिशीत ‘फ्लॅट ३०२ इज इन द रॉंग रिगार्डिंग वॉटर चार्जेस’ असे वाक्य आहे. आमच्या पाण्याच्या मीटरचे रीडिंग वहीत एक आणि बिलावर दुसरेच उतरले आहे, एवढाच मूळ विषय होता आणि तो आम्हीच समितीच्या लक्षात आणून दिला होता. हे वाक्य वाचणाऱ्याला मात्र आम्ही पाण्याच्या पैशांत काही गैर केले, असेच वाटेल. या वाक्याचा नेमका अर्थ काय होतो, हे जाणकारांनी येथेच स्पष्ट करावे, अशी विनंती आहे.

कोषाध्यक्ष
दादा, आकडा जुळत नाही एवढेच मला त्या वाक्यातून सांगायचे होते. आपल्याकडे पंजाबी, मल्याळी आणि सिंधी कुटुंबेही राहतात, म्हणून नोटीस इंग्रजीत काढली. ‘इज रॉंग’ आणि ‘इज इन द रॉंग’ यांत अर्थाचा एवढा फरक पडतो का? अ-१०१ च्या आजींनी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आहे, तेव्हा त्यांनीच सांगितले तर सर्वांना पटेल.

अ-१०१
फरक पडतो आणि तो फार मोठा आहे. ‘द रीडिंग इज रॉंग’ म्हणजे आकडा बरोबर नाही. ‘यू आर रॉंग’ म्हणजे तुमचा समज किंवा तुमचे म्हणणे बरोबर नाही. ‘यू आर इन द रॉंग’ म्हणजे मात्र या वादात दोष तुमच्या बाजूला आहे. पहिल्या दोन वाक्यांत वस्तुस्थितीची चर्चा आहे. तिसऱ्यात निवाडा आहे. त्यामुळे ३०२ च्या मंडळींना वाईट वाटले, ते योग्यच आहे.

या एका शब्दाकडून इंग्रजी माणूस किती वेगवेगळी कामे करून घेतो, हे मराठीतून पाहिले की चटकन लक्षात येते, कारण आपण त्या प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द वापरतो. उत्तर ‘रॉंग’ असेल तर ते चूक असते. दुबळ्याला छळणे ‘रॉंग’ असेल तर ते वाईट किंवा अन्याय्य असते. ‘व्हॉट इज रॉंग विथ द लिफ्ट’ असे कोणी विचारले, तर लिफ्टला काय झाले, तिच्यात काय बिघाड आहे, असा त्याचा प्रश्न असतो. हेच रडणाऱ्या मुलाला विचारले, तर त्यात मायेशिवाय दुसरे काही नसते. तेथे ‘तुझे काय चुकले’ असे भाषांतर करणे म्हणजे मुलालाच दटावणे होईल. आणि कुरिअरवाल्याने पार्सल ‘रॉंग फ्लॅट’ला दिले, तर त्या फ्लॅटचा काहीच दोष नसतो, ते भलत्याच फ्लॅटला गेले, एवढाच अर्थ. ‘भलताच’ हा शब्द येथे जितका चपखल बसतो, तितका शब्दकोशातला ‘चुकीचा’ बसत नाही, आणि माझ्या मते आपल्या पाठ्यपुस्तकांनी तो विद्यार्थ्यांना आवर्जून द्यायला हवा. हिंदीतील ‘गलत’ मात्र इंग्रजीसारखाच ऐसपैस आहे. ‘वह गलत आदमी है’ यात माणूस वाईट आहे की आपल्याला हवा होता तो हा नव्हे, हे संदर्भाशिवाय कळत नाही. इंदूरच्या आपल्या मराठीत हा ‘गलत’ इतका मुरला आहे की इंग्रजी लिहिताना हे भेद हातून निसटतात, असे मला नेहमी वाटते.

शब्दाचा उगमही सांगते, कारण त्याने बरेच उलगडते. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून, म्हणजे स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात उतरलेल्या लोकांच्या भाषेतून, इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘वाकडा’ असा होता. पिळणे या अर्थाचे ‘रिंग’ हे क्रियापद, ज्याच्या आरंभी न उच्चारला जाणारा डब्ल्यू असतो, ते त्याच्याच कुळातले आहे. रिस्ट, रेसल, रेंच, रीथ या शब्दांच्या आरंभीही तोच मुका डब्ल्यू आहे आणि त्या सर्वांत वळण्याची, पिळण्याची किंवा मुरगळण्याची कल्पना आहे. याउलट ‘राइट’ म्हणजे मुळात सरळ. आपल्या संस्कृतातील ‘ऋजु’ आणि लॅटिनमधील ‘रेक्टस’ हे त्याचे दूरचे नातलग मानले जातात. आपणही ‘वाकडी वाट’, ‘वाकडे पाऊल’ म्हणतो, तेव्हा नीतीचा विचार अशाच आकारांतून करतो. ‘एरर’ हा शब्द मात्र लॅटिनमधील भटकणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. आपल्या ‘भ्रम’ आणि ‘भ्रमण’ या जोडीत हीच कल्पना दिसते आणि वाट चुकणे या प्रयोगात ‘चूक’ही तिच्या जवळ जाते. म्हणून ‘एरर’मध्ये नीतीचा आरोप नाही, आकडा भरकटला, इतकेच. ‘रॉंग’मध्ये तो आरोप दबा धरून असतो आणि वाक्यरचना जराशी बदलली की उघड होतो.

क-२०४
आजींनी सांगितलेल्या या दोन अर्थांना कायद्यातही महत्त्व आहे, म्हणून वकिलीच्या अनुभवातून थोडे जोडतो. दिवाणी स्वरूपाच्या ज्या अपकृत्याला ‘टॉर्ट’ म्हणतात, त्या शब्दाचाही लॅटिन मूळ अर्थ ‘पिळलेले’ असाच आहे आणि त्याची व्याख्या ‘सिव्हिल रॉंग’ या शब्दांनीच सुरू होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ मनोविकल व्यक्तीच्या कृत्याविषयी होते. त्यात आपण करतो ते ‘रॉंग’ आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे, हे जाणण्यास ती व्यक्ती असमर्थ असली पाहिजे, अशी भाषा होती. म्हणजे ‘रॉंग’ आणि ‘बेकायदा’ या दोन गोष्टी कायद्यानेच वेगळ्या मोजल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २२ मध्ये आहे. कोणाला जाण्याचा हक्क असलेल्या दिशेने जाण्यापासून अडवणे म्हणजे ‘रॉंगफुल रिस्ट्रेंट’. आपल्या मध्य प्रदेशातील न्यायालयांत त्याला ‘सदोष अवरोध’ म्हणतात. त्या ‘सदोष’मध्ये आकड्याची चूक नसून कृत्याचा दोष आहे. त्यामुळे एखाद्या कुटुंबाला सार्वजनिक फलकावर ‘इन द रॉंग’ म्हणताना समितीने फार जपून राहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अ-४०३
आजी, मी नववीत आहे. ‘यू स्पेल्ट माय नेम रॉंग’ या वाक्यात ‘रॉंगली’ हवे होते म्हणून माझा एक गुण गेला. हे वाक्य खरोखरच अशुद्ध आहे का?

अ-१०१
बाळ, तुझे वाक्य शुद्ध आहे. ‘रॉंग’ हे विशेषण आहे, तसेच क्रियाविशेषणही आहे आणि क्रियापदानंतर ते बिनदिक्कत वापरतात. ‘गो रॉंग’, ‘गेट इट रॉंग’ येथे तर ‘रॉंगली’ चालतच नाही. क्रियापदाच्या किंवा भूतकालवाचक विशेषणाच्या आधी मात्र ‘रॉंगली’च लागते. ‘रॉंगली अक्यूज्ड’ म्हणजे ज्याच्यावर विनाकारण आळ आला तो. तेथे ‘रॉंग अक्यूज्ड’ म्हणता येत नाही. बाईंना वहीसोबत चांगला शब्दकोश दाखव, त्या नक्की विचार करतील. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव: चुकीची उत्तरे कितीही असली तरी इंग्रजीत बहुधा ‘द रॉंग आन्सर’ असेच म्हणतात. आपण तर्क लावून तेथे ‘अ’ घालतो आणि वाक्य परके वाटू लागते.

ब-३०२
आजी, आपले मनापासून आभार. वकीलसाहेब, आपलेही. आता नोटिशीचे काय करायचे, तेवढे ठरवावे.

कोषाध्यक्ष
पुढील मजकूर सुचवतो: ‘द मीटर रीडिंग रेकॉर्डेड फॉर फ्लॅट ३०२ इज इनकरेक्ट अँड विल बी टेकन अगेन.’ याखाली हिंदीत ‘रीडिंग में अंतर है, मीटर दोबारा पढ़ा जाएगा’ असे लिहीन. आजी, ‘इनकरेक्ट’ येथे चालेल ना?

अ-१०१
उत्तम चालेल. ‘इनकरेक्ट’ केवळ मोजमापाशी आणि वस्तुस्थितीशी बांधलेला शब्द आहे, त्यात कोणाच्या वर्तनाचा उल्लेख येत नाही. फक्त रीडिंग पुन्हा घेण्याची मागणी फ्लॅटधारकानेच केली आहे, हेही एका वाक्यात जोडावे. आधीची नोटीस सर्वांनी वाचली आहे, तेव्हा नुसता शब्द बदलून भागणार नाही.

सचिव
दोन्ही सूचना मान्य आहेत. जुनी नोटीस फलकावरून काढली आहे. नवी नोटीस इंग्रजी, हिंदी आणि मराठीत आज रात्री लागेल आणि तीच मोठ्या ग्रुपवरही टाकली जाईल. रविवारी सकाळी नर्मदेचे पाणी येण्याआधी मीटरचे रीडिंग घेऊ. त्या वेळी ३०२ मधील कोणीतरी खाली हजर राहावे.